गोधडीतला हौद

६ नोव्हेंबर १९८३, रविवार
ही जाऊन तीन महिने झाले. आजपासून रोज लिहायचं.
ट्रंकेत गोधडी सापडली. आमच्या विशाखाच्या बाळासाठी शिवत होती. कडेपासून शिवत आत आणलेली, मधोमध वरच्या थरात चौदा इंचाचा चौकोन तेवढा कापून मोकळा ठेवलेला. तिथे आपल्या परसातला हौद काढायचा हिचा बेत होता. एक कमळ, दोन मासे. तो मी पूर्ण करणार. अंबडच्या कारखान्यात मशीनची ड्रॉइंग्ज काढतो, चौकोनात काय विशेष.
विशाखाच्या सासूने घोटीहून निरोप धाडलाय, घरात बाई नाही तिथे पहिलटकरीण बाळंतपणाला कशी पाठवायची? तोंडाने उत्तर देणार नाही. गोधडी पूर्ण दिसली की विशाखा इथेच येईल.

९ नोव्हेंबर
हौद ग्राफ पेपरवर काढला. स्केल एकास चार, टॉप व्ह्यू. कमळ वरून गिअरसारखं दिसतं, हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. दात सोळा घेतले.

१३ नोव्हेंबर, रविवार
पाण्यासाठी माझ्या टेरिकॉट पँटचा निळा पाय कापला. शेजारच्या नवसाबाई म्हणाल्या, गोधडीला जुनं धुतलेलं सुतीच लागतं, यात सुई जायची नाही. दोन मोडल्या. तिसरी गेली.

२० नोव्हेंबर, सायंकाळी ६
चौकोन तयार. बसवायला घेतला तर कमी पडला. चौदा इंची कापला होता, कडा दुमडल्यावर बारा भरला. दुमड धरायची राहिली. लोखंडाला दुमड नसते. म्हणजे चूक अशी नाही. हिनेच जागा जास्त ठेवली आहे.
विशाखाला कार्ड टाकलं : काम अंतिम टप्प्यात.

२७ नोव्हेंबर
विशाखाचं उलट पत्र. मधला चौकोन रिकामा राहू द्या, आईच्या हातचं तेवढंच उरलंय, कृपा करून हात लावू नका. पोरगी संकोची, माझ्यावर गेली. मला त्रास नको म्हणून लिहिते.
उपाय सापडला. मोकळ्या जागेभोवतीच्या चार ओळी उसवायच्या आणि कापड आत ओढायचं.

४ डिसेंबर, रविवार
चार उसवल्या. कापड आत आलं, पण बाजूला चुण्या पडल्या. आणखी सहा उसवल्या. चुण्या बाहेर सरकल्या.
हिचे टाके मोजले. इंचात कुठे सहा, कुठे नऊ. आजारातले तर वाकडेच गेलेत. सव्वीस वर्षांच्या संसारात बोलणंच कमी झालं, नाहीतर वेळीच सांगितलं असतं.

१८ डिसेंबर
नवसाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, बाईंनी ते अंथरुणात पडल्या पडल्या शिवलंय, तुम्ही उसवताय काय? मी म्हणालो, ॲडजस्टमेंट.
"जिवंतपणी कधी तिच्या शिवणाकडं पाहिलं नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "आता भिंग लावून पाहताय."
भिंग नव्हतं, माझा वाचायचा चष्मा होता. तसं सांगितलं. त्या आपल्या घरी गेल्या. पटलं असावं.

१ जानेवारी १९८४
नवीन वर्षाचा संकल्प : रोज दोनच ओळी उसवायच्या, घाई नाही. आज बारा झाल्या. म्हणजे पुढचे पाच दिवस मोकळे.

१५ जानेवारी, रविवार
शेवटची, कडेची ओळ निघाली. चुणी एकही नाही. आता दोन सुती साड्या, मधली चादर आणि चौकोन, सगळं सुटं आहे. असेंब्लीच्या आधी असंच असतं.

२२ जानेवारी
विशाखा आली. न कळवता. जावयांच्या हातात मोठी बॅग. सातवा लागलाय. सासूशी भांडून आली म्हणे, बाळंतपण बाबांकडेच होईल असं ठणकावून. मला फार बरं वाटलं, पण तसं म्हणता आलं नाही. चहा ठेवला.
तिने आधी गोधडी मागितली. मी चौकोन हातात दिला. कमळाचे दात मोजून दाखवले. ती पलंगावरच्या साड्या उलटसुलट करत राहिली, उजेडाकडे धरून पाहत राहिली.
"बाबा, एक टाका तरी ठेवला का आईचा?"
म्हणालो, ठेवला असता तर चुण्या पडल्या असत्या.
चहा घेतला नाही. साड्या आणि चादर घडी करून उराशी धरल्या आणि निघाली. बॅग उघडलीच नव्हती. जावई म्हणाले, पाचची एस.टी. मिळेल. घोटीला संध्याकाळी गार असतं, लवकर निघाले ते बरं केलं.
चौकोन न्यायचा विसरली.

२९ एप्रिल, रविवार
जावयांचं कार्ड आलं. मुलगी झाली. दोघी ठीक. नाव ठेवण्याचा कार्यक्रम घरच्या घरी उरकला, उन्हाचं येण्याची तसदी घेऊ नये. नाव काय ठेवलं ते लिहायचं राहून गेलंय.
दुपारी चौकोन काढून मोजला. बारा बाय बारा, चारही कोपरे काटकोनात. आता कशात बसवायचा नाही, त्यामुळे मापाची अडचण राहिली नाही.