चाल कुणाकडून आली

प्रिय बाबा,

जयभीम. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि पत्र आज लिहितेय, कारण आज ऑफिसात भांडून आलेय. तुमच्यामुळे!

तुमची ती संथ चाल आठवते ना? खालच्या फ्लॅटमधल्या मोरागबाईंनी तुम्हाला फिडलवर शिकवलेली? ती आता टीव्हीवर येणार आहे. एका डिटेक्टिव्ह मालिकेचं टायटल म्युझिक मी करतेय, आणि फिडल तुमचंच आहे, पबमधल्या जुन्या कॅसेटवरून घेतलेलं. एडिनबराच्या हॉस्पिटलात आयुष्यभर रक्त तपासलंत, आणि आता घराघरांत वाजणार!

किती लाज वाटायची मला तुमची! पबमध्ये वाजवण्याआधी तुम्ही उभे राहायचात आणि सांगायचात, ही चाल मला मोरागने दिली, मोरागला तिच्या मावशीने, पेगीने. पेगी बंदरावर हेरिंग मासे साफ करायची. चाल कुणाकडून मिळाली ते आधी सांगायचं, ही इथल्या वादकांची रीतच. पण तुमचं पुराण संपेल तर शपथ! तेरा वर्षांची मी तुमचा कोट ओढायचे, "बाबा, जस्ट प्ले ना!"

तुम्ही कधी रागावला नाहीत. रागवायला हवं होतं. एकदा बसस्टॉपवर एवढंच म्हणालात, "माझा आजा गावातल्या लग्नांत सनई वाजवायचा. पंगतीत त्याला जागा नसायची. त्याच्या चाली अजून वाजतात गं. नाव कुणाला माहीत आहे?" मी बस येतेय का ते बघत होते.

आणि मग मी काय केलं, सांगू? कॅसेटवरची चाल चॅनलला पाठवताना तुमचं सगळं बोलणं कापून टाकलं. क्लीन ऑडिओ हवा ना! काल टायटल्स बघितली, तर संगीताखाली माझं नाव आणि चालीपुढे नुसतं "पारंपरिक". दोष कुणाला देणार? कात्री माझीच होती.

आज प्रोड्यूसर फियोनाला म्हटलं, नावं हवीत. ती म्हणाली, "अगं, ट्रॅडिशनल आहे ते. कुणाचंच नसतं."

"तीन माणसं मला माहीत आहेत," मी म्हटलं. "नावं नसतील तर बाबांचं वाजवणंही मिळणार नाही. त्याची परवानगी माझ्या हातात आहे."

शुक्रवारी सांगते म्हणालीय. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालंय, बाबा. पण शब्द मागे घेतला नाही. काम गेलं तर जाऊ दे.

एक तक्रार मात्र आहे. पेगीला कुणी शिकवली, ते विचारलंच नाहीत का हो? काल कॅसेट पुन्हा ऐकली. पेगीपाशी येऊन तुम्ही थांबता, घसा खाकरता आणि म्हणता, "त्याआधीची नावं आम्ही हरवली. माफ करा." मग एका मुलीचा वैतागलेला आवाज: "बाबा, जस्ट प्ले ना!"

शुक्रवारी ती कॅसेट मी मीटिंगमध्ये लावणार आहे, न कापता. पेगी, मोराग, तुमची माफी, आणि तो माझा आवाजसुद्धा. सगळं ऐकून होईपर्यंत कुणालाही मध्ये बोलू देणार नाही. टायटल्समध्ये नावं आली तर चाल लागेल, नाहीतर तुम्हाला घेऊन मी घरी येईन. वचन!

पेगीकडून मोरागला, मोरागकडून तुम्हाला, तुमच्याकडून मला.

तुमची,
सुजाता