एक वर्तमानपत्र, दोन गॅलऱ्या

हैफा, सोमवार

ती. मझलमावशी यांस,

खालच्या मजल्यावरच्या नायलाचा सप्रेम नमस्कार. टोरांटोत थंडी बेताची असेल आणि तुमचा गुडघा त्रास देत नसेल, असे धरून चालते. आधी घडलेले क्रमाने:

१. तुमच्या बाबांनी आणि माझ्या आजोबांनी मिळून वर्तमानपत्र बंद केले.
२. दोघांचे कारण एकच: ते दुसऱ्याची बाजू घेते.
३. तुमचे बाबा वृद्धाश्रमात जायला तयार झाले.
४. पट्टी माझी नव्हती.

तिसऱ्या मुद्द्याने तुम्हाला हायसे वाटले असेल. पण ज्या आश्रमाला ते इतकी वर्षे ‘सूप पिणाऱ्यांची छावणी’ म्हणत आले, तो त्यांना एकाएकी का आवडला, हे कळावे म्हणून हे पत्र.

टोपली आठवत असेलच. पेपर वर तुमच्याकडे यायचा. तुमचे बाबा तो कॉफीबरोबर वाचून, समासात पेन्सिलीने शेरे मारून, दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली आमच्या गॅलरीत सोडायचे. आजोबा शेऱ्यांखाली आपले शेरे लिहीत आणि टोपली वर जाई, सोबत अंजीर, मोसम नसला तर ऑलिव्ह. (शब्दकोड्याचे पान तुम्ही आणि माझी आई मधल्यामध्ये लांबवायचात, असे आई सांगते. आजोबांनी त्याचाही आळ संपादकावर घेतला होता.) मग गॅलरीतून अरबीत सुरू होई. बाबा वरून, “शुक्री, आजही पहिल्या पानावर तुमचंच रडगाणं!” आजोबा खालून, “डोळे तपासून घे, ओबादिया! आमचं सातव्या पानावर टायरच्या जाहिरातीखाली चेंगरलंय!” बातमी फार वाईट असली, मग ती तुमच्याकडच्या ज्यूंची असो की आमच्याकडच्या अरबांची, की पेपरवर एकही शेरा नसायचा आणि टोपलीतून अंजीर जरा जास्त वर जायचे. लहानपणी मी त्यावरूनच बातमी ओळखत असे.

गेल्या महिन्यात बाबांनी शिवणकामाची टेप काढून बातम्या मोजायला घेतल्या. आजोबांनी सुताराची लाकडी पट्टी काढली. आकडे जुळेनात, तेव्हा पंच म्हणून मला नेमले, कारण मी मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. (मी नको म्हटले होते.) टेप बरोबर निघाली, पट्टीही. पण आपल्या बाजूची बातमी मोजताना दोघेही मथळा सोडत आणि समोरच्याची मोजताना मथळा, फोटो आणि शेजारची फ्रिजची जाहिरातसुद्धा धरत. मी लेखी निष्कर्ष दिला: लांबीवरून पक्षपात सिद्ध होत नाही, शब्दांवरून होतो का, ते सांगणे पट्टीचे काम नव्हे. दोघांनी तो वाचला आणि माझ्या आठवणीत प्रथमच त्यांचे एकमत झाले. “पोरगी पेपरवाल्यांना मिळालीय!” घरची पोर फितवणारा पेपर नकोच, म्हणून तो त्याच दिवशी बंद.

आता टोपली आमच्या गॅलरीसमोर रिकामी लटकते. आजोबा अंजिरांची बशी घेऊन बाहेर जातात आणि तशीच घेऊन आत येतात. बाबा रेडिओ ऐकतात. रेडिओला समास नसतो.

पेपर पुन्हा सुरू करायला दोघांपैकी कुणीही धजणार नाही. ती हार ठरेल. याबाबत मला काही म्हणायचे नाही. कळवायचे होते, कळवले.

आपली,
नायला

ता. क. वर्गणी टोरांटोहूनही भरता येते, मी चौकशी केली आहे. नाव तुमचे, पत्ता वरच्या मजल्याचा. म्हणजे ‘मझलचा हट्ट, करणार काय’ असे दोघांनाही म्हणता येईल.

ता. क. २. आश्रमाच्या कागदांवर शुक्रवारी सही आहे, असे बाबा म्हणाले. तिथली त्यांची खोली तळमजल्यावर आहे. टोपली सोडायला खाली कुणी नाही.

ता. क. ३. या पत्राबद्दल आजोबांना ठाऊक नाही. काल मात्र त्यांनी टोपली सोडवून घेतली, धुतली, वाळवली आणि पुन्हा दोरीला बांधली. विचारले तर म्हणाले, “मळली होती.” मळली नव्हती.

पत्र ईमेलने पाठवत आहे, कृपया गुरुवारपर्यंत उत्तर द्यावे.