नेणतोबाचा कौल

सोनईजवळून,
मार्च १९७३

प्रिय मुक्ता,

त्या सकाळी मी चुलीवर पुस्तकं चिकटवायची खळ ढवळत होते. तू फणी हातात घेऊन उंबऱ्यात माझी वाट बघत बसली होतीस, आणि तुझे अण्णा नगरच्या आपल्या त्या एका खोलीत भिंतीला पाठ लावून पुठ्ठे कापत होते. माझ्या हातून खळीत मोरचूद जरा जास्त पडलं. अण्णा म्हणाले, "आता पुस्तकांना कसर लागायची नाही, पण बाइंडरच्या बायकोला लागेल." तू किती हसलीस. मग मी हात धुतले, तुझी वेणी घातली, नळावरून पाणी आणलं, भाकरी थापल्या आणि छापील पानांचे फर्मे शिवायला बसले. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही, म्हणूनच तो मला सगळ्यांत जास्त आठवतो. थोड्याच दिवसांनी अण्णांच्या अंगठ्यात पुठ्ठे कापायची रापी घुसली. त्यांनी फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं. जबडा आवळला तेव्हा आपण दवाखान्यात धावलो. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात आहे, उशीर झाला.

मी वाचायला कशी शिकले ते तुला धड माहीत नसेल, तू तेव्हा लहान होतीस. फर्मे क्रमाने लावता यावेत म्हणून अण्णांनी मला आधी आकडे शिकवले. अक्षरं माझी मीच लावत गेले. पुस्तकं सुटी होऊन यायची, मठातली, कॉलेजातली, मिशनच्या लोकांची. कशाचं पहिलं पान नसायचं तर कशाचं शेवटचं. एका पानावर कुणीतरी ऋषी म्हणायचा, तो हेही नव्हे आणि तेही नव्हे. खाली दुसऱ्या गठ्ठ्यात ग्रीस देशातला एक म्हातारा बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारायचा आणि सांगायचा, मला एवढंच कळतं की मला काही कळत नाही. आणखी एक कुणी होता, काचा घासून पोट भरायचा. त्याच्या लेखी देव आणि ही सृष्टी वेगळी नव्हतीच. कोण कुठला, आधी कोण नंतर कोण, मला कळायचं नाही. माझ्या डोक्यात ती पानं एकाच दोऱ्यात शिवली गेली.

अण्णा गेल्यावर आपण गावी आलो, तेव्हा भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, त्याची इच्छा. मला ते सोसवेना. ज्याला आधीपासून माहीत होतं आणि तरी ज्याने अंगठ्याकडे बघू दिलं नाही, त्याच्याशी मी बोलणार नव्हते. पण कुणाशी बोलल्यावाचून दिवस जाईना. मग मी माझ्यापुरता एक देव केला. त्याला काहीच माहीत नव्हतं. सुरुवातीला तो एकटा होता, आणि आपण आहोत की नाही हेही त्याला कळेना. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून त्याने स्वतःचे तुकडे केले. माणसं झाली, लिंबाची झाडं झाली, कोंबड्या झाल्या. प्रत्येकाला त्याने सांगितलं, जा, बघून या आणि मला सांगा. जो मरतो तो परत जाऊन त्याला सांगत बसतो, ऊन कसं होतं, खळीला वास कसा येतो, लहान मुलीची वेणी कशी घालतात. अण्णा तेच करत असतील असं मी धरून चालले. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मीही त्याला दिवसभराचं सांगायची. तो कधी काही म्हणायचा नाही. मला बरं वाटायचं ते त्यामुळेच.

हे मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं ते बायकांना, या दुष्काळात. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडताना दुपारी सरकारकडून मिळणारी सुकडी खायला बाभळीखाली बसलं की त्या मागे लागायच्या, आक्का, तुमी वाचता, कायतरी सांगा. सगळं सांगून संपलं तेव्हा एकदा हेच सांगितलं. आपली छबूबाई, तुझ्या मैत्रिणीची, चांगुणाची सासू, हातातला घास तसाच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग त्यो आपल्यासारखाच अडानी हाय की गं बया! अंगठेबहाद्दर!" सगळ्या खो खो हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या त्याला नेणतोबा म्हणू लागल्या. छबूबाईच्या वाटणीला एक काळा दगड आला होता, घण घातला तरी फुटेना. तो तिने बाभळीच्या बुंध्याशी टेकवला. आठवड्याच्या बाजारातून कुणी शेंदूर आणला. मला हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू. तुझ्या अण्णांचा श्रोता आता गावाचा झाला होता.

मग त्या कौल लावू लागल्या. फुलं कुठली या दिवसांत? सुकडी पाण्यात कालवून दोन गोळ्या करायच्या, एक दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. छबूबाईच्या मुलाला, म्हणजे चांगुणाच्या नवऱ्याला, नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातून सुट्टीवर आला असताना कुणी विहिरीच्या खोदाईला बोलावलं होतं. डावी गोळी पडली, तो गेला नाही, आणि त्याच दिवशी विहिरीची कड ढासळली. कुणी मेलं नाही, पण त्यानंतर नेणतोबाला विचारल्याशिवाय कुणी शेळीसुद्धा विकेना.

मी दोन-चार सकाळी नीट पाहिलं. बायका सकाळी कौल लावतात. दगडाची डावी बाजू उगवतीला आहे. तिकडची गोळी ऊन लागून आधी वाळते आणि आधी पडते. माझा देव सकाळी कायम नाहीच म्हणणार. मी ते छबूबाईला दाखवलं. ती म्हणाली, "आक्का, ऊन काय तुमच्या बापाचं हाय व्हय? त्येबी त्याचंच."

गेल्या आठवड्यात चांगुणाच्या तान्ह्या मुलीला हगवण लागली. चांगुणा कामावर यायची, तिला झोळीत घालून बाभळीला टांगायची. तिसऱ्या दिवशी मी झोळीत पाहिलं. टाळू खोल गेली होती. पोर रडत होती आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. चिमटीत धरलेली पोटाची कातडी तशीच उभी राहत होती. मी चांगुणाला म्हटलं, आत्ता नगरला ने, खडीचा ट्रक दुपारी जातोय. तिने सासूकडे पाहिलं. छबूबाईचा त्या पोरीवर किती जीव आहे ते तुला सांगायला नको. ती स्वतःच्या वाटची सुकडी पाण्यात विरघळवून बोटाने तिच्या तोंडाला लावत होती. ती म्हणाली, "सकाळीच इचारलंय. डावी पडली. न्यायची न्हाई. वाटंतच दगावंल." मी म्हटलं, दुपारी पुन्हा विचारा, ऊन फिरल्यावर. छबूबाई माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी चोरी करायला सांगितली. "देवाला दोनदा इचारत्यात व्हय? तुमाला तरी कळाया पायजे."

तेव्हा मी खरं तेच बोलले. उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, बायांनो, हा देव मी रचला आहे. नवरा गेल्यावर, माझं मन रमावं म्हणून. एका पुस्तकातलं पान आणि दुसऱ्या पुस्तकातलं पान जोडून. त्याला काही माहीत नाही. तो तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही त्याला सांगायचं असतं. या पोरीला दवाखान्यात न्या. हातोडे थांबले. मुकादमही बघू लागला. आता ऐकतील असं मला वाटलं. पण छबूबाईने पदर सावरून दगडाला हात जोडले आणि हळू आवाजात, अगदी मायेने मला म्हणाली, "आक्का, तुमी दमलाय. अवो, देव कुनाच्या तरी तोंडातून आल्याबिगर कुनाला कळलाय? आन् तुमीच सांगितलं, त्यो म्हंतो मला कायबी ठावं न्हाई. आज तुमच्या तोंडून त्येच बोलला न्हवं?" बायकांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. चांगुणानेही ठेवलं, आणि पोर तिच्या काखेला मान दुमडल्यासारखी लोंबत होती. दुपारचा ट्रक गेला.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले नाही. चांगुणाच्या दाराशी बसले. साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत होते, निम्मं बाहेर येत होतं. मी खरं बोलून पाहिलं होतं. मी जितकं नाही म्हणेन तितका तो दगड मोठा होणार, हे मला कळून चुकलं होतं. त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलणारं आता एकच काही उरलं होतं, आणि ते मला जन्मात करायचं नव्हतं.

मुक्ता, पोर नगरला दवाखान्यात आहे. सलाईन लावलं आहे. चांगुणाचा निरोप आला, काल रात्रीपासून अंगावर प्यायला लागली. छबूबाई व्हरांड्यात बसून आहे, घरी यायला तयार नाही. डॉक्टर तिला म्हणाले, आजी, आणखी एक दिवस काढला असता तर हातात काही राहिलं नसतं. ती जो येईल त्याला माझं नाव सांगते आहे, म्हणून हे पत्र. गावातला छगन वैरण आणायला तुझ्या अकोले तालुक्याकडे येतो आहे, तो तुझ्या शाळेवर थांबेल आणि तुला सगळं रंगवून सांगेल. त्याच्या तोंडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस. माझ्या दारात आता सकाळपासून माणसं बसतात, नारळ आणतात, कुणी लग्नाचं विचारतं, कुणी पावसाचं. त्यांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ओट्यावर बसून कुणाला काही सांगणं मात्र मला आता जमत नाही. अण्णा कुणाला सांगत असतील, कोण जाणे. तू शाळेत मुलांना शिकवतेस, तुला माझी लाज वाटेल, ती वाटू दे. पण जे झालं ते असं झालं. चांगुणाच्या दाराशी रात्र काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, डावी गोळी पडायच्या आधी, मी त्या दगडावरचा शेंदूर बोटांनी खरवडून कपाळाला फासला, केस मोकळे सोडले, सगळ्यांसमोर घुमले, आणि घोगऱ्या आवाजात ओरडले की पोरीला उचला.

तुझीच,
आई