मंदाक्रांतेतली सर्व्हिस

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या घराच्या जागी उभी राहिलेली इमारतसुद्धा आता जुनी दिसायला लागली आहे. पण परवा रविवारी तुमची फार आठवण झाली, आणि तीही टेबल टेनिस खेळताना, म्हणून लिहायला बसलो. हसू नका. ज्येष्ठांच्या स्पर्धेत खेळतो मी, सत्तरीच्या वरच्या गटात. आमच्यात गुडघ्याला पट्टा न बांधलेला कोणी दिसला, तर तो चुकून आला असावा असं आम्ही समजतो.

या स्पर्धेत एक रीत आहे. जो हरेल त्याने पुढच्या सामन्याला अंपायर म्हणून बसायचं. मी दर वर्षी पहिलाच सामना हरतो आणि चहा यायच्या आत त्या खुर्चीत जाऊन बसतो. दोष कुणाला द्यायचा? आमच्या वसईच्या हॉलला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे, खिडकीबाहेर अजून टिकून राहिलेली केळीची बाग आहे, आणि पानावरून ऊन घसरताना दिसलं की माझी नजर तिकडे जाते. तेवढ्यात चेंडू निघून जातो. गेल्या वर्षी एका नव्या गृहस्थांनी मला अगदी कौतुकाने विचारलं, "काका, तुम्ही नुसतं अंपायरिंगच करता, की कधी खेळताही?" ते मनाला लागलं. त्यात डॉक्टरांनी यंदा गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, एवढी एक स्पर्धा खेळा, मग बॅट ठेवून द्या. म्हणजे संधी ही एकच. मला मेडल नको होतं, बाई. एक सामना जिंकायचा होता, फक्त एक. निघताना आमच्या हिने डब्यात थालीपीठ भरलं आणि म्हणाली, "अहो, आज तरी जेवण होईपर्यंत खुर्चीत बसू नका."

आता तुमचा संबंध सांगतो. नववीत आहे मी. पाठांतराच्या स्पर्धेसाठी तुम्ही मला शनिवारी घरी बोलावलंय आणि मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कविता म्हणतोय. तुम्ही विळीवर नारळ खवताय. मी यती गिळून एका दमात ओळ संपवतो, तसा तुमचा हात थांबतो. "श्वास घ्यायची जागा कवीने ठेवलीय. ती खाणारा तू कोण?" मग तुम्ही नारळाची वाटी पुन्हा विळीला लावता. चार लांब ओढी, थांबा. पाच भरभर आखूड, एक लांब, थांबा. मंदाक्रांता मला फळ्यावर कधी कळली नव्हती, ती त्या खोबऱ्यात कळली. निघताना तुम्ही मूठभर खोबरं गुळाबरोबर हातावर ठेवलंत. अजूनही ते वृत्त कानावर आलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि हे मी कुठल्याही साहित्यप्रेमी मित्राला सांगू शकलेलो नाही.

शाळेच्या हॉलची किल्ली तुमच्याकडे असायची. आम्ही पोरं तिथे टेबल टेनिस खेळायचो आणि तुम्ही कोपऱ्यात वह्या तपासत बसायचात. सर्व्हिस करण्याआधी चेंडू टेबलावर आपटत राहायची मला खोड होती. एक दिवस तुम्ही लाल पेन खाली ठेवलंत आणि ओरडलात, "आपटायचाच आहे ना, मग वृत्तात आपट!" तुम्ही चिडून बोललात, पण मी ते शिरसावंद्य मानलं. तेव्हापासून माझी सर्व्हिस मंदाक्रांतेत आहे. चार उंच टप्पे सावकाश, थांबायचं, पाच ठेंगणे भरभर, एक उंच, थांबायचं, आणि सर्व्हिस. उरलेली सात अक्षरं रॅलीसाठी, जी बहुधा तिसऱ्या अक्षराला संपते.

रविवारी समोर आले ते राजोडीचे एक गृहस्थ. सातिवलीत प्लास्टिकच्या डब्यांचा त्यांचा कारखाना आहे, आता मुलगा बघतो. अंगाने गोल, बूट झगझगीत पोपटी. तीन गेमचा सामना. पहिल्याच सर्व्हिसला माझे पाच ठेंगणे टप्पे चालू असताना ते ओरडले, "अहो काका, सर्व्हिस करताय का चेंडू शिजवताय? पानी टाका थोडं, करपंल!" हॉल हसला. मीही हसलो. पण ते वैतागले होते, वाकून वाकून त्यांची कंबर भरून आली असावी, आणि पहिला गेम मी चक्क जिंकलो. खिडकीकडे एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या गेममध्ये काहीतरी बिघडलं. माझी सर्व्हिस निघायच्या आत त्यांची बॅट तिथे हजर. ओठ हलताना दिसत होते. गेम गेला. पाणी प्यायला थांबलो तर ते टॉवेलने मान पुसत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मंदाक्रांता ना?"

मी बाटली खाली ठेवून मान डोलावली.

"तुमी पन बाईंचे? हॉलमधे वह्या तपासायच्या त्या?"

"तुम्हालाही सांगितलं होतं? वृत्तात आपट म्हणून?"

"कान धरून! मराठीत मी काठावर पास, पन बाईंनी मंदाक्रांता अशी डोक्यात बसवली, का मशीनचा आवाज पन मी त्याच्यावरच मोजतो." मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजे तुमी मोठे की काय मला? मग दादा म्हनतो. पन दादा, आता तुमी गेलात. तुमचा चेंडू कदी येनार ते मला कळलंय."

बाई, तिसरा गेम तुम्ही बघायला हवा होता. मी वृत्त बदललं. एक ठेंगणा टप्पा, दोन उंच, एक ठेंगणा, दोन उंच. पलीकडून आनंदाने आरोळी आली, "भुजंगप्रयात!" आणि चेंडू माझ्या कानाजवळून गेला. अंपायरच्या खुर्चीतले आजोबा गुण सांगायचे सोडून विचारू लागले, "हे काय चाललंय?" आमची ही डबा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलेली, ती म्हणाली, "काही नाही हो, नववीचा तास चाललाय." तरी मी चिकटून राहिलो. कडेला लागून दोन चेंडू गेले, एक त्यांचा, एक माझा, आणि दोघांनीही हात वर करून कबूल केले. दहा-दहा झाले. मग एक गुण मला मिळाला. सर्व्हिस माझी. गुडघा ठणकत होता.

मी चेंडू तळहातावर ठेवला. समोर ते वाकून तयार, डोळे चेंडूवर, ओठ पहिल्या अक्षरासाठी उघडलेले. आणि मी चेंडू आपटलाच नाही. सरळ उडवला आणि मारला. ते पहिल्या यतीपर्यंतही पोहोचले नव्हते. चेंडू त्यांच्या बॅटला निसटता लागून पोपटी बुटांवर पडला.

"दादा, ह्ये कुठलं वृत्त?"

"गद्य."

ते टेबल धरून हसत सुटले. मग येऊन त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बाई असत्या ना, तर तुमाला बाकावर उभं केलं असतं," असं म्हणत ते अंपायरच्या खुर्चीकडे गेले. मी थालीपीठ खाल्लं. पुढच्या सामन्यात एका चपळ माणसाने मला लवकरच हरवलं, त्याचं काही नाही. एक जिंकलो होतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे बरंच आहे, कारण पुढचं मला तुमच्यासमोर उभं राहून सांगता आलं नसतं. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो, की आनंदाच्या प्रत्येक क्षणी मला एखादी ओळ आठवते. परवा, चेंडू त्या बुटांवर पडला तेव्हा, बाई, मला एकही ओळ आठवली नाही. आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.