पंचवीस वर्षांचा वाफा

१४ ऑक्टोबर २०२४, सकाळी
आजपासून डायरी. प्रोजेक्ट मोठा आहे, रेकॉर्ड पाहिजे. चौतीस वर्षं सुरतेत उधन्याला लूम फिटर होतो, तेव्हाही मालकाच्या रजिस्टरवर माझा भरवसा नव्हता. माझं स्वतःचं वेगळं असायचं.

प्रोजेक्ट असा. भेस्तानच्या आमच्या रो-हाउसमागे आठ बाय पाच फुटांची जागा आहे. तिथे प्रमिलाला वांगी लावायची आहेत. भरताची, आमच्या यावलकडची. सुरतेतलं वांगं तिला चाळीस वर्षांत एकदाही पटलेलं नाही. पण गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नाही. म्हणून उंच वाफा. यूट्यूबवर रेझ्ड बेड म्हणतात. उभ्याने काम, वाकणं बंद.

मुदत: दिवाळी. खरं तर दोन दिवसांचं काम आहे. फक्त मटेरियल ठरवायचं.

१७ ऑक्टोबर
लाकूड पाहिलं. शेजारचा धुडकू (एकाच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, होतो आम्ही, तो हेल्पर) सचिन गावातल्या कुठल्याशा गोडाऊनमधून चार पॅलेट घेऊन आला. फुकट. ठोकून पाहिली. तीन वर्षं टिकतील, मग वाळवी. धुडकू म्हणाला, बन्सीभाऊ, तीन वर्षं काय कमी आहेत? असल्या विचारांमुळेच तो शेवटपर्यंत हेल्पर राहिला. पॅलेट नामंजूर.

२२ ऑक्टोबर
बांबू: नामंजूर. पत्रा: गंज, शिवाय उन्हात तापून मुळं भाजतील. जुने टायर: घराला गॅरेजची कळा. माझी सून वर्षा म्हणाली, नाना, सरळ कुंड्या आणा ना. या पिढीला सगळं रेडिमेड पाहिजे.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी
प्लॅस्टिकचा निळा ड्रम आणला. विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की आत साबण होता. आडवा कापला, भोकं पाडली, ट्रायल म्हणून पाणी ओतलं. खालून गुलाबी पाणी आलं. अगदी बस्त्यातल्या शालूसारखं गुलाबी. पुन्हा ओतलं, पुन्हा गुलाबी. अकरा बादल्या ओतल्या. शेजारच्या पटेलबेनच्या ओट्यापर्यंत रंग गेला. प्रमिला दारात बसून एवढी हसली की डोळ्यांना पदर लावला. मग बराच वेळ पोट धरून बसली. गॅस असणार. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

रंगाचा ड्रम ओळखू आला नाही, यात माझी चूक नाही. माझी लाइन विणाईची, डाइंगची नव्हे.

१ नोव्हेंबर
दिवाळी झाली. नवी मुदत: संक्रांत. घाईत केलेलं काम प्रमिलालाही आवडत नाही. तिने फराळ केला नाही यंदा, वर्षाने केला. शेव जाड झाली.

९ नोव्हेंबर, दुपारी
प्रमिलाचे रिपोर्ट घ्यायला हॉस्पिटलला जाऊन आलो. गोपालने हाफ डे टाकला होता. डॉक्टर हुशार वाटला, शांतपणे बोलतो. परत येताना रिक्षा थांबवून एका साइटवर ब्लॉक बघितले. गोपाल रिक्षातून उतरला नाही. पोरगा चिडला की त्याच्या आईसारखा गप्प बसतो.

निर्णय: पंचवीस वर्षांपेक्षा कमी टिकणारं काहीही यापुढे बघायचं नाही. फायनल.

१८ नोव्हेंबर
पाच दुकानं फिरलो. हलके ब्लॉक पाणी पितात. सिमेंटचे पोकळ ब्लॉक चांगले, पण कोपरे झडतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, पंचवीस वर्षं जाईल का? शेवटचा दुकानदार हसायला लागला. म्हणाला, काका, रींगणां वाववां छे के बंगलो बांधवो छे? मी म्हणालो, वांगीच लावायची आहेत, माझ्या मिसेससाठी. हसायचा थांबला आणि चहा मागवला. गुजराती माणूस क्वालिटीचं बोलणं लगेच ओळखतो.

२७ नोव्हेंबर
माप घेतलं. लूमवर माणूस उभा राहिला की त्याचे हात जिथे आपोआप टेकतात, ती उंची बरोबर. खुर्च्या-टेबलं करणाऱ्यांना हे कळत नाही, आम्हाला कळतं. प्रमिलाला मागच्या दारात उभं केलं, टेप लावला. ती चौकट धरून उभी राहिली, त्यामुळे खांदा वाकडा झाला. पुन्हा घेतलं. पुन्हा वाकडा. म्हणाली, बसीसन माप ल्या ना. आते उभं ऱ्हावाले जमत नही माले.

बसून माप घेतलं तर वाफा उंच कसला? थंडीत औषधं लागू पडतात, तोवर ताकद येईल. छत्तीस इंच लिहून टाकलं.

१२ डिसेंबर
मन खट्टू आहे.

पंधरा दिवस घरात मेथी होते आहे. कोवळी, ताजी. मी रोज म्हणतो, हा भाजीवाला सोडू नका. आज गच्चीवर टाकी बघायला गेलो, तर द्राक्षांच्या दोन थर्माकोलच्या खोक्यांत मेथी. प्रमिलाने सांगितलं, वर्षाने पेरली. महिना झाला. घरात सगळ्यांना माहीत होतं, धुडकूलासुद्धा. त्याने दोनदा नेली.

खाली येऊन प्रमिलाला म्हणालो, थर्माकोल म्हणजे काय मटेरियल आहे का? दोन महिन्यांत भुगा होईल. अगदीच तात्पुरतं काम. ती म्हणाली, माले तात्पुरतंच चालस.

मी जेवलो नाही. मग जेवलो. भाजी चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे.

२४ डिसेंबर
प्रमिलाची खाट मागच्या दाराजवळ हलवली. काम सुरू झालं की तिला पडल्या पडल्या दिसावं म्हणून. दुसरं काही कारण नाही. पायांना सूज आहे. मीठ जास्त झालं असणार, वर्षाला सांगितलं. वर्षा आत गेली.

वाफ्याला आतून अस्तर पाहिजे. त्यासाठी उधन्याच्या जुन्या खात्यावर जाऊन कोटिंगचं कापड मागितलं. नवीन मॅनेजर ओळखत नव्हता. माझ्या हातच्या बारा लूम भंगारात गेल्या, तिथे आता चिनी मशिनं. कापड दिलं पण. सुपरवायझर आमच्याकडचा निघाला, म्हणाला, बाबा, काकूंना बरं वाटू द्या. याला कोणी सांगितलं?

१४ जानेवारी २०२५
उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर. संक्रांतीची मुदत गेली, पण आज गवंडी मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ही चूक धरायची नाही. प्रमिलाने उंधियूचे दोन घास खाल्ले. तिसरा माझ्या ताटात ठेवला. पटेलबेन वरून ओरडल्या, काकीने उपर लावो! गोपाल तिला उचलून न्यायला निघाला, ती नको म्हणाली. खाटेवरून जेवढं आकाश दिसतं तेवढ्यात एक पतंग होता, तो कटेपर्यंत बघत बसली.

मटेरियल फायनल: लाल वीट, सिमेंटात. आतून कोटिंगचं कापड. पंचवीस कशाला, चाळीस वर्षं जाईल.

२५ जानेवारी
विटा आल्या. प्रमिलाची बहीण कलाबाई यावलहून आली, वांग्याचं बी घेऊन. आल्यापासून स्वयंपाकघरात रडते आहे. तिला सवय आहे, आमच्या लग्नातही नवरीपेक्षा जास्त तीच रडली होती. प्रमिलाने बी हातात घेतलं, नखाने एक दाणा दाबून पाहिला आणि माझ्याकडे दिलं. म्हणाली, लवकर टाका.

३० जानेवारी
झाला! गवंड्याने दोन दिवसांत उभा केला. छत्तीस इंच, ओळंब्यात, चारी कोपरे काटकोनात. लेव्हल मी स्वतः तपासली. गोपालने पाहिला आणि काही बोलला नाही. मजबूत कामापुढे माणूस गप्पच होतो.

आता क्युरिंग, म्हणजे सिमेंटाला अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं. त्याआधी माती टाकली की वजनाने तडे जातात. गवंडी म्हणाला, सात दिवस पुष्कळ झाले. असंच बोलून हे लोक कामं बिघडवतात.

३१ जानेवारी, सकाळी
प्रमिलाला गोपालने प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वाफ्याजवळ नेलं. वाफा तिच्या हनुवटीच्या वर येतो. खुर्ची बसकी आहे. तिने हात वर करून विटेवरून फिरवला, थोपटली. म्हणाली, मजबूत शे. पसंत पडला.

आत डोकावता आलं नाही तिला.

३ फेब्रुवारी
प्रमिलाने विचारलं, माती भरी का? भरली, म्हटलं. बी? टाकलं. किती आळी केली? सहा. बरं, म्हणाली, आणि झोपली. आज औषधाने तिला चांगली झोप लागली.

८ फेब्रुवारी
अंकुर दिसले. सहापैकी चार आळ्यांत. सकाळी उठल्या उठल्या प्रमिलाला सांगितलं. तिने पाणी जास्त घालू नका म्हणून सांगितलं. नाही घालत.

१३ फेब्रुवारी
दोन दोन पानं आली आहेत. एका रोपाला किडा लागला होता, काढला. प्रमिलाने राख टाकायला सांगितली, टाकली. धुडकू बघायला आला होता. तो वाफ्याजवळ गेला, तिथेच उभा राहिला, मग माझ्याकडे बघून खाली बघत निघून गेला. त्याला शेतीतलं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी
दुपारी औषध आणायला गेलो होतो. दुकानात नव्हतं, दुसऱ्या दुकानातून आणलं. येईपर्यंत तास गेला. प्रमिला जागी होती. रोपं जोरात आहेत. आणखी काही नाही.

२६ फेब्रुवारी
प्रमिला गेली. सकाळी सव्वासहा.

२७ फेब्रुवारी
क्युरिंगचा अठ्ठाविसावा दिवस. पाणी मारलं.

१० मार्च, दुपारी
काल बाराव्या दिवसाचा, गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला. यावलहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. आज सगळे गेले. बायकांनी मागे भांडी घासली तेव्हा ताटं-वाट्या वाफ्याच्या काठावर उपड्या घातल्या होत्या. उंची बरोबर पडली म्हणे, वाकावं लागलं नाही.

डायरी चाळली. रेकॉर्ड चुकीचं आहे. दुरुस्त करतो.

एक. ९ नोव्हेंबरला डॉक्टरने मला आणि गोपालला आत बोलावलं. प्रमिला बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. डॉक्टर म्हणाला, लिव्हरमध्ये पसरलं आहे. तीन महिने, फार तर चार. मी विचारलं, नक्की? तो नक्की म्हणाला. मग मी रिक्षा थांबवून ब्लॉक बघायला उतरलो. ते सगळं मी इथे लिहिलं नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, आणि तरी लिहिलं नाही. तीन वर्षं टिकणारं लाकूड घरात आलं असतं तर तीन हा आकडा रोज बघावा लागला असता. पंचवीस म्हटलं की बरं वाटायचं. दुकानात उभा राहून पंचवीस म्हणायचो तेवढा वेळ तिला काही झालेलं नसायचं.

दोन. माती कधी भरलीच नाही. बी कपाटात आहे. अंकुर नव्हते, पानं नव्हती, किडा नव्हता. आज त्यात पावसाळी डबक्यासारखं पाणी आहे, मी अठ्ठावीस दिवस मारलेलं. कोटिंगच्या कापडातून पाणी जात नाही आणि मी भोकच ठेवलेलं नाही. चौतीस वर्षं फिटर. त्यात काही लावलं असतं तरी कुजलं असतं.

मला एकच करायचं होतं. तिच्या हाताने मातीत बी पडावं. त्याला दोन खोकी पुरली असती, आणि ती वर्षाने मला न विचारता आणली.

हे लिहीत होतो तेव्हा वर्षा चहा घेऊन आली. मी तिला म्हणालो, बरं झालं, तुझ्या सासूने आत पाहिलं नाही. वर्षा दाराशी थांबली. मग म्हणाली, नाना, पाहिलं होतं.

वीस तारखेला, मी औषधाला गेलो होतो तेव्हा. प्रमिलाने तिला आणि गोपालला दोन बाजूंनी धरायला लावलं आणि उभी राहिली. महिनाभरात पहिल्यांदा. वाफ्याच्या काठावर दोन्ही हात टेकले आणि आत पाहिलं. खाली कापडावर साचलेलं पाणी आणि गवंड्याची विसरलेली थापी. वर्षा सांगते, पाय थरथरत होते तरी आई बराच वेळ उभ्या होत्या. गोपाल रडायला लागला, तेव्हा त्याला गप्प केलं. म्हणाल्या, त्यास्ले सांगू नका. बोलू द्या त्यास्ले.

मग त्यांनी तिला खाटेवर निजवलं, आणि मी आलो.

त्या दिवशीचं मी 'आणखी काही नाही' असं लिहिलं आहे. पण होतं. मी औषधाची पिशवी ठेवून तिच्याशेजारी बसलो, तेव्हा तिने विचारलं होतं, किती पानं आली आज? मी म्हणालो, चार. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, सकाय पाच व्हतीन.