मामा, उद्या तुमच्या गिलासात काय ओतू?

प्रिय मामा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आत्याबाई दुपारच्या पडल्या आहेत, चिऊ शाळेत आहे आणि तुमचे चिरंजीव भाजी आणायला एसटीने वसमतला गेलेत. एवढी शांतता पुन्हा मिळायची नाही, म्हणून आत्ताच लिहायला बसले. सासऱ्याला पत्र लिहिणारी कुरुंद्यातली मी पहिलीच सून असेन, तेही सासरा गेल्यावर! पण काय करू? तुमच्याशी बोलल्याशिवाय उद्याचं पान वाढायला माझा हात धजणार नाही.

खीर, वडे, वरण-भात हे सगळं रीतीप्रमाणे आहेच. तुम्हाला आवडायचे म्हणून धपाटे आणि ठेचाही करणार आहे. पण चिरंजीवांनी एक बाटली आणून ठेवलीय. कावळ्याच्या पानाशेजारी बाबांचा गिलास वाइनने भरून ठेवायचा, असं त्यांनी परवाच जाहीर केलं. गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मामा, आम्हा सासूसुनेची ही पंचाईत तुम्हीच करून ठेवलीत!

तुमचा गिलास मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नाच्या पहिल्या आठवड्यात. दिवेलागण झाली, म्हशींचं दूध काढून झालं, तुम्ही हातपाय धुऊन ओसरीवर खुर्ची टाकून बसलात आणि आत्याबाईंनी आतून तो लांब दांड्याचा काचेचा गिलास आणून दिला. दारू म्हटलं की मला माहेरचे, गोरेगावचे धाकटे चुलते आठवायचे. बाजारच्या दिवशी त्यांना जीपमधून उतरवायला दोन माणसं लागायची. मी मोरीत जाऊन रडले. वाटलं, माझ्या वडिलांनी चौकशी केली ती शेताची, विहिरीची, हळदीची. संध्याकाळची कोणी केलीच नाही.

तुम्हाला ते कळलं कसं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मला ओसरीवर बोलावलंत आणि सगळं सांगितलंत. कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात नाशिककडच्या एका द्राक्षवाल्याशी तुमची दोस्ती जमली होती. तो इथून हळद न्यायचा आणि तिकडून वाइन पाठवायचा. एक गिलास, तोही घरी, तोही दार उघडं ठेवून. तुला कधी भीती वाटली तर सरळ तोंडावर सांगायचं, असं बजावलंत. सासरा सुनेला असं सांगतो हेच मला नवीन होतं. भीती काही लगेच गेली नाही, पण मोरीत जाऊन रडणं मात्र थांबलं.

आणि ते दार उघडं ठेवणं! गावात पिणारे काय कमी आहेत? पण सगळे आडोशाचे. तुम्ही मात्र रस्त्याकडे तोंड करून बसायचात. समोरचे गंगाधरकाका माळकरी. रोज हरिपाठाला देवळात जाताना तुमच्यापाशी थांबायचे. आज गिलास आहे, उद्या बाटली होईल, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही त्यांच्या दिवसभरातल्या चहाचा हिशेब मागायचात. आत्याबाई त्यांच्या बाजूने बोलल्या की तुम्ही फडताळातल्या त्यांच्या द्राक्षासवाकडे बोट दाखवायचात. एकाच वेलाचं आपण दोघं पितो, फक्त तुझं चमच्यात आणि माझं गिलासात, म्हणायचात. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. खरं सांगू? त्या ओसरीवरच्या भांडणांची मला गोडी लागली होती.

गावातले बाकीचे श्रावण पाळायचे आणि वर्षभर त्याची फुशारकी मारायचे, की बघा, मनात आलं की सुटते. तुम्हाला त्याचं फार हसू यायचं. सुटायचा दिवस माहीत असला की उपास कोणालाही जमतो, असं तुमचं म्हणणं. तुम्ही मात्र कुठल्याही साध्यासुध्या मंगळवारी नाहीतर बुधवारी, काही कारण नसताना, गिलास काढायचाच नाहीत आणि स्वतःकडे बघत बसायचात. मी विचारलं तर म्हणायचात, तपासून राहिलो, गिलासाबिगर जमतं का.

पण माझा तुमच्यावर खरा जीव जडला तो आपल्या जीपमुळे. माझी अंगणवाडीची नोकरी इथली, तुमचे चिरंजीव पुण्याच्या कंपनीत, सणावाराला येणारे. एके दिवशी हळद काढून रिकाम्या झालेल्या रानात तुम्ही मला जीपवर बसवलंत. लोक बांधावर उभे राहून हसत होते. आत्याबाईंनी विचारलं, सुनेला काहून गाडी शिकवता? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरले नाही. "संध्याकाळी मी घेतलेली असते. या घरात गाडी चालवणारं एक माणूस कोरडं पाहिजे."

किती माणसं असा विचार करतात, मामा? रोजच्या गिलासाने काय बिघडतं, या प्रश्नावर लोक डॉक्टरांची नावं सांगतात, परदेशातल्या गोष्टी सांगतात. तुम्ही सरळ बघितलंत की आपल्या एका गिलासाने घरातला एक ड्रायव्हर रोज संध्याकाळी कमी होतो. आणि तो भरून काढलात.

मग गंगाधरकाकांना कडब्याच्या गंजीत साप चावला, तो दिवस. दिवेलागणीचीच वेळ. काकांना उचलून माणसं थेट आपल्या दारात, कारण गल्लीत गाडी आपलीच. तुमचा गिलास अर्धा झाला होता. दुसरा कोणी असता तर अर्ध्या गिलासाने काय होतं म्हणून किल्ली घेऊन उठला असता. तुम्ही जमलेल्या सगळ्यांसमोर उभे राहिलात. "मी घेतलेली हाय. मी न्हाई चालवणार. माझी सून चालवील." कोणीतरी मागून म्हणालं, बाईमाणूस चालवणार? तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, किल्ली माझ्या हातात दिलीत. तुम्ही शेजारी बसून फक्त पुढचे खड्डे सांगत होतात आणि मागे काका विठ्ठल विठ्ठल करत होते. वसमतच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो. पुढे काका बरे झाले आणि लगेच सांगत सुटले की या वाइनपायी माझा जीव जाणार होता. तुमचं उत्तर तयार होतं, की वाइन नसती तर सून गाडी शिकली नसती!

इथपर्यंतचं सगळ्या गावाला माहीत आहे. पुढचं फक्त आत्याबाईंना आणि मला.

तुमच्या भाचीच्या साखरपुड्याला आपण नरसीला गेलो होतो. कार्यक्रम लांबला. पंगत बसायच्या आधीच तुम्ही कंबर दुखते म्हणून उठलात. भाची अडवायला आली, तरी थांबला नाहीत. मी गाडी चालवत होते. औंढा आल्यावर तुम्ही म्हणालात, "माझी कंबर न्हाई दुखत. घरचा गिलास आठवला म्हणून उठलो. इतके दिस मी बाटलीला उठवायचो, आज बाटलीनं मला उठवलं."

मागे आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला होता.

त्या दिवसापासून तुम्ही वाइनला शिवला नाहीत. ना कोणाची शपथ, ना गळ्यात माळ. पहिले काही दिवस वाईट गेले तुमचे. दिवे लागले की उगाच गोठ्यात चकरा मारायचात, म्हशी कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. माझ्यावर एकदा ओरडलात आणि मग स्वतःच चहा करून आणून दिलात. तो चहा नव्हता, हळदीच्या काढ्यासारखं काहीतरी होतं, पण मी सगळा प्यायले. या वयात एवढी जुनी सवय मोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक तुमचं कौतुक हळदीसाठी करतात, माझ्या लेखी तुमचं सगळ्यात मोठं पीक ते होतं.

पण मामा, तुमचा ताठा! गंगाधरला कळलं तर तो भजनात गाईल, ही तुमची धास्ती. मग आत्याबाईंनी परसातल्या लाल अंबाडीची बोंडं उकळून, साखर घालून पाक केला. त्याचं सरबत त्याच गिलासात, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी! रंग हुबेहूब. काका रोज थांबून बोल लावायचे आणि तुम्ही अंबाडीचा घोट घेत वाइनची बाजू लढवायचात. आम्ही दोघी आत हसून हसून बेजार. गंगाधरला अन् आपल्या लेकाला, बालाजीला, कळू द्यायचं नाही, असं वचन तुम्ही आमच्याकडून घेतलंत. आम्हीही ते गंमत म्हणून दिलं.

काकांचं ठीक आहे. पण पोटच्या लेकापासून काहून लपवलंत? ते दिवाळीला यायचे, पाडव्याला यायचे, तुमच्या समोर बसून गप्पा मारायचे. बापासमोर प्यायची नाही ही त्यांची रीत, त्यामुळे तुमच्या गिलासाला त्यांनी कधी हात लावला नाही. लावला असता तर पहिल्याच घोटाला कळलं असतं! त्यांनी मर्यादा पाळली आणि मर्यादेनेच त्यांना फसवलं.

तुम्ही गेल्यावर ते नोकरी सोडून आले. शेत नीट बघतात, तुमच्याइतकंच राबतात, याबद्दल माझी तक्रार नाही. तुमची आठवण म्हणून पहिल्या महिन्यात संध्याकाळी त्यांनी गिलास भरला. मला वाटलं, दुःख आहे, बसू दे. मग रोज बसू लागले. मग एकाचे दोन झाले. हळद शिजायला घातलेली सोडून दिवेलागणीला घरी यायला लागले. श्रावण पाळला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांच्या शिंगांचा रंग वाळायच्या आत बूच उघडलं. दार मात्र लावून घेतात. तुमच्यासारखं उघडं ठेवत नाहीत.

मागच्या आठवड्यात चिऊच्या शाळेत गॅदरिंग होतं. तिचा नाच व्हायचा होता. तुमचे चिरंजीव मध्येच उठले. कारण काय सांगितलं असेल? कंबर दुखते! नाच संपल्यावर ते आम्हाला न्यायला गाडी घेऊन आले आणि दार उघडताच मला वास आला. मी किल्ली मागितली. ते म्हणाले, "बाबा शेवटपर्यंत रोज घेत होते. काय झालं त्यांना?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं, मामा. तुम्हाला दिलेल्या वचनामुळे मी ते गिळलं. चिऊला कडेवर घेऊन मी चालत घरी आले. वाटेत तिने विचारलं, आई, आपण गाडीत काहून न्हाई बसलो? त्या लेकरालाही मी उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीपची किल्ली खुंटीवरून काढून कमरेला खोचली. तुमच्यावर रागावले ती तेवढी एकदाच. एवढा खरा माणूस, आणि एवढंसं खोटं मागे ठेवून गेला, आणि लेक त्याच खोट्यावर पाय देऊन उभा आहे!

गिलास वाईट, असं मी म्हणत नाही. तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. पण तो आपल्याला ताटावरून उठवायला लागला की ओळखायचं, हे तुम्हाला ओळखता आलं. ते तुमच्या लेकाला कोण शिकवणार? ते आईचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. ऐकतात ते फक्त तुमचं, आणि तुमचं त्यांना अर्धंच माहीत आहे.

काल मी पाटावर बसून धपाट्यांचं पीठ चाळत होते. आत्याबाई आल्या आणि फडताळाच्या मागून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. अंबाडीचा पाक. तुम्ही गेल्यावरही त्यांनी यंदाची बोंडं उकळली, मला पत्ता नाही! तुमच्या शब्दाबाहेर उभ्या जन्मात न गेलेली ही बाई मला म्हणाली, "खोटं त्यांनी केलं, निस्तराया आपुन हावोत. उद्या गिलासात हे ओत. आधी लेकाला चाखू दे, मंग कावळ्याला."

मी म्हटलं, आत्याबाई, नैवेद्य उष्टा होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे.

म्हणून मामा, तुम्हाला दिलेलं वचन मी उद्या मोडणार आणि त्याच्या जागी हे नवीन देते. उद्या पान वाढून झालं की तुमचा गिलास मी तुमच्या लेकाच्या हातात देईन. तुमच्या हयातीत ज्याला त्यांनी हात लावला नाही, तोच. एक घोट घ्या म्हणेन, आणि मग नरसीपासून सगळं सांगेन, दार उघडं ठेवून. गंगाधरकाका जेवायला येणारच आहेत, त्यांनाही ऐकू दे. गाऊ देत भजनात! कावळा शिवला तर शिवला, नाही शिवला तरी मी पुन्हा सांगेन, रोज सांगेन, साध्यासुध्या मंगळवारीही सांगेन.

आणि ते ऐकेपर्यंत जीपची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती मी कोणाला देत नाही.

तुमची सून आणि या घरातलं कोरडं माणूस,
रेखा