एकोणतिसाचा पाढा

दौंड, रविवार

साखरबाईस, तुझ्या म्हाताऱ्याकडून आशीर्वाद.

आपली लेक अनुपमा लहानपणी पाटाच्या कडेला बसून एकोणतिसाचा पाढा शाळेतल्या माझ्या आवडत्या कवितेच्या चालीवर म्हणायची. तो सूर आज पहाटेपासून कानात घुमतोय. फोनवर माझा आवाज जड होईल, म्हणून लिहितो.

आम्ही खुशाल आहोत. माझा गुडघा बरा आहे. अनुपमा जेवते, थोडं कमी.

खासगी शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना एम.एस्सी. करता यावं म्हणून एक संस्था बहुतेक फी भरते. त्यात तिची निवड झाली होती गं. पण प्रवेशाला मूळ प्रमाणपत्रं लागतात, आणि मास्तर मधेच सोडून जाऊ नयेत म्हणून तिच्या शाळेनं सगळ्यांचीच नोकरी देतानाच कपाटात ठेवून घेतलीत. मुख्याध्यापिका पवळेबाई म्हणाल्या, "राजीनामा दे आन् घेऊन जा." काल मुदत संपली.

"राहू द्या आबा, मला कुठं प्रोफेसर व्हायचंय," म्हणत ती पोरांचे पेपर तपासत बसली. एरवी पेपर तपासताना गुणगुणते तो पाढा काही म्हणाली नाही.

तुझा खोकला कसा आहे? गाय व्यायली का?

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. पवळेबाईच उभ्या, हातात दोन पाकिटं.

"आबा, अनुपमाला हाक मारा. एक तिच्या प्रमाणपत्रांचं, एक माझ्या. यंदाचं गेलं, पुढल्या वर्षी दोघींना घेत्यात का इचारू. कपाटाची चावी माझ्याकडंच व्हती, पन माझंबी काढायचं कधी सुचलं न्हाई."

चहा टाकायला उठतो.

तुझा,
हौसराव